पेटीपुराण

आपल्याकडे लढायांचा इतिहास लिहिला गेला, किल्ल्यांचा लिहिला गेला. पण शिकायला परमुलखात निघालेल्या पोराच्या पेटीचा इतिहास कुणी मनावर घेतला नाही. किल्ल्याच्या दरवाजाला खिळे किती होते हे सांगणारे विद्वान गावोगाव सापडतात. पेटीच्या कोयंड्याला कुलूप कसलं होतं ते विचारा, सगळे गप्प! शेवटी हे काम एका बी. कॉम. झालेल्या बँक कारकुनाच्या अंगावर आलं. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच सुटला. मात्र कुलूप, किल्ली आणि नोंदवही या तीन विषयांचा अभ्यास मी आजही रोज, आणि तोही पगार घेऊन करतो.

आता पहिला प्रश्न : परदेश म्हणजे काय? आज लातूरचं पोरगं जर्मनीला निघालं की गल्ली त्याला निरोप द्यायला गोळा होते. १९४८ पूर्वी मात्र लातूरहून बार्शीला जाणं हाही परदेशप्रवासच होता. इकडे निजामाचं राज्य, तिकडे इंग्रजांचं. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार; आणि भाव असा की, आपले साधारण सात रुपये मोजावेत तेव्हा तिकडचे सहा हातात पडावेत. नातवाला आज डॉलरचा भाव ऐकून घाम फुटतो, आजोबांना बार्शीतच फुटत होता! मध्ये करोडगिरी होतीच. करोडगिरी म्हणजे निजामाचं अस्सल कस्टम. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली, ती अडीच फुटी रुळांवरून. तिचा वेग असा की, पेटी घेऊन पळालेला चोर गाडीच्या आधी कुर्डुवाडीला पोचावा.

नांदेडकरांची तऱ्हा वेगळी. त्यांना मनमाड-सिकंदराबाद रेल्वेनं सरळ हैदराबाद गाठता येई. तिथं १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. राज्य आपलंच, पण शिकवणं उर्दूत. म्हणजे सीमा न ओलांडता परदेश! मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली, औरंगाबादला. नांदेडला मिळायला तर १९९४ उजाडलं. तोवर पदवी हवी असेल त्यानं पेटी उचलायची, एवढाच अभ्यासक्रम ठरलेला होता.

ही पेटी पत्र्याची. आत दोन धोतरं, शेंगदाण्याची चटणी, पुस्तकं आणि घरची परिस्थिती बरी असेल तर एक घड्याळ. तिच्या रक्षणाचे उपाय तीन. पहिला उपाय नाव : झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव, गाव, तालुका, जिल्हा. दुसरा कुलूप. तिसरा उशी, म्हणजे गाडीत डोकं पेटीवर ठेवून झोपायचं. चोरानं पेटी हलवली की आधी मालक हलायचा. इतका स्वस्त अलार्म पुढं कुठल्याच कंपनीला जमला नाही.

पण या पुराणातला सर्वांत मोठा अध्याय लातूरचाही नाही आणि नांदेडचाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तिथून लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीनं आले, पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीनं निघालं. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. माणूस मुंबईला सुखरूप पोचला, पुस्तकं समुद्राच्या तळाशी! पुढं थॉमस कुक कंपनीकडून सामानाची ६०० रुपये भरपाई मिळाली आणि बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला ती उपयोगी पडली.

कारकुनाच्या नजरेनं पाहिलं तर खातं जुळलं : सामान नावे, ६०० रुपये जमा. पण पोटाला चिमटे घेऊन एकेक पुस्तक जमवणाऱ्याचं काय बुडालं, त्याचा रकाना कुठल्याच भरपाईच्या अर्जात नसतो. बाबासाहेबांनी तो हिशेब स्वतःच पुरा केला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झालं. आपण कॉमर्सवाले रुपयाच्या प्रॉब्लेमवर रोज बोलतो, पण तो फक्त महिनाअखेरीचा असतो. पुढं १९५० साली त्यांच्याच संस्थेनं औरंगाबादला कॉलेज काढलं आणि मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांचा पेटी घेऊन लांब जाण्याचा रस्ता अर्ध्यावर आला.

आता पेटीचा लॅपटॉप झाला. शैक्षणिक कर्जाच्या फायलीत फी आणि विमानाच्या तिकिटाबरोबर त्याचं कोटेशनही टाचलेलं असतं. वडील सही करता करता हळूच म्हणतात, “साहेब, पोरगं हुशार हाय, पण इसरभोळं. तीन छत्र्या हरवल्यात त्यानं.” त्यांची काळजी मला कळते. लॅपटॉप हरवला तरी हप्ता हरवत नाही. तो पत्ता विचारत विचारत बरोबर घरी येतो.

अशा वेळी मी आजोबांचे तीन उपाय काढतो. नाव : फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. तो आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवावी. फोनचा नंबर फोनमध्येच ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणं. २०२३ च्या मे महिन्यापासून या क्रमांकावरून हरवलेला फोन देशभर बंद पाडण्याची सरकारी सोय आहे; पण तो बर्लिनला हरवला तर पोलीस तिथलेच गाठावे लागतात. त्यांच्या कागदाशिवाय विमेवाले सहसा तोंड उघडत नाहीत. कुलूप : पासवर्ड, आणि तो जन्मतारीख नसावा. जन्मतारीख चोराआधी वर्गातल्या पोरांना पाठ असते. बऱ्याच लॅपटॉपच्या कुशीला एक बारीक फट असते, तिच्यात चक्क साखळी अडकवता येते. रेल्वेत बाकाखाली पेटीला बांधायचो तिचीच ही शिकलेली बहीण. उशी : लॅपटॉप हातातल्या पिशवीतच न्यावा. माणूस एका बोटीत आणि सामान दुसऱ्या बोटीत, याचा निकाल १९१७ सालीच लागलेला आहे. पॉवर बँक तर विमानाच्या पोटातल्या सामानात टाकूच देत नाहीत.

महागडा कॅमेरा नेणाऱ्यानं निघतानाच विमानतळावर कस्टमचा दाखला घ्यावा, नाहीतर परतताना आपल्याच वस्तूवर जकात भरायची पाळी येते. करोडगिरी मेली नाही बरं का, तिची फक्त विमानतळावर बदली झाली!

आणि चौथा उपाय, जो आजोबांच्या काळी कुणाच्या हातातच नव्हता : दुसरी प्रत. पुस्तकांच्या पेटीची नक्कल काढता येत नव्हती. आज चार वर्षांचा अभ्यास बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतो, किंवा इंटरनेटवर ठेवता येतो. फोनमध्ये तर हल्ली बँकही राहते. म्हणून फोन गेला की आधी रडू नये, आधी सिमकार्ड बंद करावं आणि बँकेला कळवावं. मग सवडीनं रडावं.

एवढं ऐकून वडील विचारतात, “मंजी हरवणार नाही ना, साहेब?” आता हे कोण सांगणार? हरवणं कुणाच्या हातात नसतं. वस्तू गेली तर ती पुन्हा घेता येते, फार तर एखादा हप्ता वाढतो. पोराचं लिहिलेलं मात्र दुकानात मिळत नाही. ते दोन ठिकाणी ठेवलेलं असलं म्हणजे चोराला नुसती पेटी मिळते.