कुल एक, भूमि तीन : शिलाहारांच्या राज्यांविषयीं एक विचार

संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांची गोडी हल्लींच्या मुलांस फार. त्यांपैकीं ‘सिव्हिलायझेशन’ हा इ. स. १९९१ मध्यें प्रथम निघालेला खेळ विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या सहाव्या आवृत्तींत नॉर्वेकरांचा आरंभ समुद्रकांठीं आणि इंकांचा आरंभ डोंगरांजवळ व्हावा अशी योजना आहे. खेळ म्हणून ही योजना ठीक आहे. परंतु तींत कार्यकारणभाव उलटा झाला आहे असें आम्हांस वाटतें. तेथें राष्ट्राचा स्वभाव आधीं सिद्ध असतो व त्यास साजेशी भूमि मागाहून दिली जाते. इतिहासांत भूमि आधीं व स्वभाव मागून. हें पडताळून पाहण्यास आम्हां करवीरकरांस लांब जावयास नको. एकच कुल तीन निरनिराळ्या भूमींत रुजल्याचें उदाहरण आमच्या दारींच आहे. तें शिलाहारांचें होय.

शिलाहारांचीं राजघराणीं तीन : उत्तर कोंकणचें, दक्षिण कोंकणचें व कोल्हापूरचें. तिन्ही घराणीं आपली परंपरा जीमूतवाहन विद्याधरापासून सांगतात. एका नागाचे प्राण वांचविण्यासाठीं ज्यानें आपला देह गरुडास अर्पण केला, तोच हा श्रीहर्षाच्या ‘नागानन्द’ नाटकाचा नायक. ठाणें व कोल्हापूर येथील राजे स्वतःस तगरपुराचे, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेरचे, अधीश्वर म्हणवितात. तिन्ही घराण्यांचा उदय राष्ट्रकूटांच्या छत्राखालीं झाला. सारांश, वंशकथा एक, सार्वभौम सत्ता एक. भेद काय तो भूमीचा.

उत्तर कोंकणच्या शाखेच्या वांट्यास खाड्यांनीं ठिकठिकाणीं छेदलेली सखल किनारपट्टी आली. कान्हेरीच्या शके ७६५ (इ. स. ८४३) च्या लेखांत या शाखेचा पुल्लशक्ति हा अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून दिसतो. ठाणें, सोपारा व चौल हीं या राज्याचीं महाद्वारें. अरब प्रवासी मसूदी हा इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास आला, तेव्हां सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादि ठिकाणांहून आलेल्या लोकांसह सुमारें दहा हजार मुसलमान तेथें वसत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. दारीं परदेशचीं गलबतें लागत असतां राज्याची दृष्टि दूरवर जावी यांत नवल नाहीं. याच घराण्यांतील पहिल्या अपरादित्यानें तेजकंठ नांवाचा पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेस पाठविला. त्याचा उल्लेख मंखाच्या ‘श्रीकंठचरितां’त आहे. दूरदेशाशीं संबंध राखण्याची ही संवय बंदरांनीं लाविली, असें आमचें अनुमान आहे.

दक्षिण कोंकणांत समुद्र तोच, परंतु भूमि अरुंद. रट्टराजाचा खारेपाटण येथील ताम्रपट शके ९३० (इ. स. १००८) चा आहे. मूळपुरुष सणफुल्ल यास कृष्णराजाच्या प्रसादानें सह्याद्रि व समुद्र यांमधील देश मिळाला, असें त्यांत सांगितलें आहे. सीमा सांगावयास एका अंगास डोंगर व दुसऱ्या अंगास पाणी एवढें पुरलें! पुढें धम्मियरानें समुद्रकांठीं बलिपत्तन वसविलें. त्यानंतरच्या ऐयपराजास चंद्रपुरानजीक, म्हणजे गोव्यांतील चांदर गांवाजवळ, नारळाच्या पाण्यानें स्नान घडल्याचेंही तोच ताम्रपट सांगतो. अन्यत्र राजे नद्यांचें जल आणवितात. येथें माडानेंच तें पुरविलें. देवालयास दान देतांना रट्टराजानें गांवांबरोबरच परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें एक गद्याण सोनें लावून दिलें. देवाचा नैवेद्यसुद्धां समुद्रावर अवलंबून! परंतु अशा चिंचोळ्या राज्यास माघार घेण्यास जागा नसते. इ. स. १०२४ मध्यें चालुक्य जयसिंह सप्तकोंकणच्या अधिपतींचें धन हरण करून कोल्हापुरास तळ देऊन राहिल्याचें त्याच्या ताम्रपटांत आहे. रट्टराजानंतर या शाखेच्या राजाचें नांव ऐकूं येत नाहीं.

आतां कोल्हापूरकरांकडे वळूं. यांची भूमि घाटमाथ्याच्या पूर्वेची. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते व ती नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते. पश्चिमेस डोंगर व दाट झाडी, पूर्वेस काळी जमीन व कर्नाटकाकडे मोकळी वाट. म्हणून या राजांच्या लेखांत जहाजांच्या जागीं किल्ला व तळें येतें. मारसिंहाच्या शके ९८० (इ. स. १०५८) च्या ताम्रपटांत जतिगास पन्हाळगडचा सिंह म्हटलें आहे. गंडरादित्यानें मिरज प्रांतांत इरुकुडी येथें गंडसमुद्र नांवाचें तळें बांधून त्याच्या कांठीं बुद्ध, शिव व अर्हत् या तिघांची स्थापना केली. ठाण्याच्या राजास समुद्र आयता मिळाला होता; कोल्हापूरच्या राजानें तो खणून घेतला व त्यास आपलें नांव दिलें. कर्नाटकाकडील मोकळ्या वाटेचें फळ म्हणजे या घराण्याच्या लेखांत संस्कृताबरोबर कानडीही नांदते. आणि आजऱ्याच्या जिनालयांत सोमदेवानें इ. स. १२०५ मध्यें ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला.

भूमीनें जसें राज्य घडविलें, तसेंच मरणही नेमून दिलें. दुसऱ्या भोजानें पन्हाळ्यास राजधानी केली. इ. स. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघणानें तो गड जिंकला, आणि गडाबरोबर राज्य संपलें. यादवांच्या प्रशस्तींत भोज हा पन्हाळ्याचा सर्प व सिंघण हा त्यास पळविणारा गरुड म्हटला आहे. ज्या कुलाच्या पूर्वजानें नागासाठीं गरुडापुढें देह ठेविला आणि ज्याच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता, त्याच्याच वंशजास हें रूपक लागू व्हावें हा दैवदुर्विलास होय. पुढें सुमारें अर्धशतकानें महादेव यादवानें उत्तर कोंकणच्या सोमेश्वरावर स्वारी केली. जमिनीवर हरलेला सोमेश्वर जहाजांत बसून निघाला, पण महादेवानें तेथेंही पाठ सोडली नाहीं, आणि तो समुद्रांतच बुडाला. शत्रुघराणें एकच, परंतु कोल्हापूरकरांचा शेवट गडावर व ठाणेंकरांचा पाण्यांत झाला.

मग भूमि हेंच सर्वस्व काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे, व त्याचा साक्षीदार पन्हाळाच आहे. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६५९ च्या नोव्हेंबरांत हा गड घेतला. पुढल्या वर्षीं सिद्दी जौहरानें त्यास वेढा घातला, तेव्हां जुलैच्या पावसांत महाराज रात्रीं निसटून विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूनें खिंडींत देह ठेविला. सप्टेंबरांत गड आदिलशहाच्या हवालीं करावा लागला. म्हणजे पन्हाळा भोजाच्या हातून गेला तसाच महाराजांच्याही हातून गेला. परंतु राज्य गेलें नाहीं. भोजाचा गड तोच त्याचा देश होता. महाराजांच्या देशांतील तो एक गड होता. इ. स. १६७३ मध्यें कोंडाजी फर्जंदानें अवघ्या साठ माणसांनिशीं तो परत घेतला. मधल्या काळांत, इ. स. १६६४ मध्यें, मालवणच्या समुद्रांत सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला होता.

शिलाहारांनीं समुद्र एका घरीं व गड दुसऱ्या घरीं असें वांटून घेतलें. कोल्हापूरकरांनीं मध्यंतरीं कोंकणावर स्वामित्व सांगितलें खरें. परंतु घांटाखालील व घांटावरील दोन सामर्थ्यें एका हातीं धरण्याचें काम चार शतकें पडून राहिलें. भूमि पूर्वीचीच होती. ती एकत्र पाहणारी दृष्टि नवी होती. आरंभीं भूमि मनुष्यास घडविते हें शिलाहार शिकवितात. मिळालेल्या भूमीचा संपूर्ण अर्थ ज्यास उमगतो तो तिच्या मर्यादेबाहेर पडतो, हें पन्हाळा शिकवितो. खेळाच्या पटावर पहिलें घर कोणतें मिळालें याची हळहळ करणाऱ्या मुलांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, पटावरचें दुसरें घरही पाहावें.