रक्ताची साक्ष

डोक्याला मार बसला की त्याची खूण शरीरात कुठेतरी राहत असणार, ही समजूत जुनीच आहे. ती खूण वाचता येईल ही आशा मात्र अलीकडची. १९२८ साली अमेरिकेतील न्यूअर्कचे डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी ठोसे खाऊन खाऊन दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देणाऱ्या मुष्टियोद्ध्यांवर एक निबंध लिहिला. प्रेक्षक ज्यांना हसत, त्यांचा मेंदू दुखावलेला असावा, असे त्यांनी त्यात मांडले. पण याचा खरा पुरावा मिळायचा तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. हयात खेळाडूला विचारावे, तर तो “काही झालं नाही” म्हणणार! गुडघा फुटलेली मुले खेळ चालू राहावा म्हणून बेधडक हेच सांगतात, हे आम्हा मास्तरांना ठाऊक असते.

खेळाडू खरे सांगत नाही, तर त्याच्या रक्तालाच का विचारू नये? त्याची सोय नकळत झाली ती १९६५ साली. ब्लेक मूर यांनी मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून त्याचे नाव पडले एस-१००. (शास्त्रज्ञ नावे ठेवण्यात फार वेळ दवडीत नाहीत.) त्यातला एस-१०० बी हा प्रकार मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींत विपुल असतो. या पेशी दुखावल्या, मेंदू आणि रक्त यांमधला बांध सैल झाला, की ते रक्तात झिरपणार, हा तर्क सरळ होता. पुढे मुष्टियोद्ध्यांच्या रक्तात ते वाढलेले दिसलेही.

पण २००० साली जर्मन संशोधकांनी मुष्टियोद्ध्यांबरोबर धावणाऱ्यांचेही रक्त तपासले, तो तिथेही तेच! धावणाऱ्याला कोणी ठोसा मारला होता? पावलागणिक मेंदू हिंदकळत असेल, असे म्हणण्यास वाव होता. २००४ साली मॅरेथॉनच्या धावपटूंवरील एका अभ्यासाने निर्वाळा दिला, की ही वाढ कवटीच्या आतली नसून बाहेरची आहे. हे प्रथिन चरबीत असते, कूर्चेत असते, स्नायूंतही असते. शरीर राबले की तिथूनच ते रक्तात उतरते. ज्याला आपण मेंदूचा खास हेर समजत होतो, तो साऱ्या गावाचा निघाला.

याची गंमत वाटते, पण परिणाम गंभीर आहेत. स्वीडनमध्ये २०१२-१३ च्या हंगामात बर्फावरील हॉकीच्या बारा संघांतील २८८ खेळाडूंवर नजर ठेवण्यात आली. त्यांपैकी ३५ जणांच्या मेंदूला हादरा बसला. त्याच अभ्यासात एका मैत्रीच्या सामन्याआधी आणि नंतरही रक्त घेतले होते. त्या सामन्यात कोणालाही हादरा बसला नव्हता, तरी एस-१०० बी वाढले. म्हणजे सामन्यानंतरच्या रक्ताने खेळाडूवर आरोप ठेवला, तर तो आरोप मेंदूच्या दुखापतीचा की घामाचा, हे ओळखायचे कसे? निर्दोषाला बाहेर बसवले तर त्याचा हंगाम जातो. आणि आकड्याला घामाचा म्हणून सोडून दिले, तर दुखावलेला मेंदू दुसरा मार खायला मैदानात उतरतो. दोन्हींत दुसरी चूक फार महाग पडते.

म्हणून या प्रथिनाचा उपयोग ‘आहे’ म्हणण्यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याला अधिक. २०१३ च्या स्कँडिनेव्हियन नियमांनुसार सौम्य इजेच्या ठरावीक प्रौढ रुग्णांत सहा तासांच्या आत हे प्रमाण लिटरमागे ०.१० मायक्रोग्रॅमहून कमी आढळले, तर डोक्याचे सीटी स्कॅन न करता घरी पाठवता येते. पण नुकत्याच धावून आलेल्या खेळाडूचे प्रमाण इतके खाली क्वचितच राहणार. तेव्हा हा ‘नाही’देखील त्याच्या वाट्याला सहज येत नाही.

२०१८ साली अमेरिकन सरकारने जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दुसऱ्या दोन प्रथिनांच्या तपासणीस परवानगी दिली. तिचा प्रश्नही एवढाच, की स्कॅनची गरज आहे काय? हादरा बसलेल्याचे स्कॅन बहुधा स्वच्छच येते. म्हणून मैदानाच्या कडेला आजही डॉक्टर खेळाडूसमोर वाकून, १९९५ साली ऑस्ट्रेलियात फुटबॉलपटूंवर पारखलेले प्रश्न विचारतात: आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी झाला?