बीजांड कुणाचं?

जर्मन शास्त्रज्ञ हान्स श्पेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या तान्ह्या बाळाचा केस घेतला, त्याचा फास केला आणि सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या फलित अंड्याभोवती आवळला. अंड्याचा डमरू झाला. केंद्रक एका बाजूला राहिलं, तीच बाजू वाढू लागली. पुढच्या प्रयोगात तिथे सोळा पेशी झाल्यावर त्यांनी फास सैल केला, एक केंद्रक पलीकडे सरकू दिलं आणि फास पुन्हा घट्ट केला. त्या रिकाम्या बाजूतही अख्खा जीव घडला. 1938 साली त्यांनी पुढची पायरी सुचवली: वाढ झालेल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या अंड्यात घालून पाहा.

1952 मध्ये फिलाडेल्फियात ब्रिग्ज आणि किंग या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या भ्रूणपेशींवर ते जमवलं. मग जॉन गर्डन यांनी बेडकाच्या टॅडपोलच्या आतड्यातली पेशी वापरली. त्या कामाची दखल नोबेलने 2012 साली घेतली! ही मंडळी बेडकाच्या मागे लागली, कारण त्याचं अंडं नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि शेकड्यांनी मिळतं. बीजांड आणायचं कुठून, हा प्रश्नच नव्हता.

मेंढीपाशी तो आला. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत मेंढ्यांना इंजेक्शनं देऊन बीजांडं मिळवावी लागली. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशी केंद्रक काढलेल्या 277 बीजांडांशी जोडल्या, 29 भ्रूण 13 मेंढ्यांत रुजवले आणि 5 जुलै 1996 रोजी एकच कोकरू जन्मलं, डॉली: त्या मेंढीची जनुकीय नक्कल, म्हणजे क्लोन. खटाटोप औषधासाठी होता. पुढच्याच वर्षी जन्मलेल्या पॉली या मेंढीच्या पेशींत रक्त गोठवणाऱ्या मानवी प्रथिनाचं जनुक होतं. ते प्रथिन दुधातून मिळवायचं, हा बेत.

आपल्याकडे करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने म्हशीची बीजांडं कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून काढली. महागड्या यंत्राऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने, हातानेच केंद्रक कापून काढलं. फेब्रुवारी 2009 मध्ये जन्मलेली पारडी काही दिवसांतच गेली. जूनमधली गरिमा दोनेक वर्षं जगली. गरिमा-2 मात्र 2013 साली व्याली. फायदा उघड आहे: जातिवंत रेडा मेला तरी त्याच्या क्लोनकडून त्याचं रेत पुढे मिळत राहील. पण गावोगाव एकाच रेड्याची पैदास झाली, तर एखाद्या रोगाला सगळा गोठा एकदमच बळी पडायचा.

माणसापाशी आलं की मात्र कत्तलखान्याची वाट बंद. कोरियातल्या ह्वांग वू-सुक यांनी 2004-05 मध्ये मानवी भ्रूण क्लोन केल्याचा दावा केला. तो बनाव निघाला. पण त्यासाठी स्त्रियांची दोन हजारांहून जास्त बीजांडं वापरली गेली होती. देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक होत्या. साहेबांना नाही कसं म्हणणार? आणि बीजांडं थोडकी पुरत नाहीत: शांघायच्या शास्त्रज्ञांनी 2018 साली दोन क्लोन माकडं जगल्याचं जाहीर केलं, तेव्हाही 79 भ्रूण 21 माद्यांत ठेवले होते.

संयुक्त राष्ट्रांनी 2005 साली सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध जाहीरनामा केला. भारताने विरोधात मत दिलं: बाळ क्लोन करायला बंदी हवी, उपचारांसाठीच्या संशोधनाला नको. ही भूमिका मला पटते, पण अर्धीच. उपचारांसाठीही बीजांड लागतंच, आणि ते देणाऱ्या बाईची संमती, तिची प्रकृती आणि तिच्यावरचा दबाव यांचा हिशोब आधी मागायला हवा.