अट मुलांच्या वयावर की ॲपच्या बांधणीवर?

सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर येऊच देऊ नये, कायद्यानेच ते दार लावून घ्यावे, असे आता सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकू येते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून तसे केलेही. आपल्याकडे २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सुनावणीच्या ओघात २१ वर्षांची मर्यादा बोलून दाखवली होती. या मतामागची काळजी खरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा आईबापांना नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण वयाच्या अटीने मुलांचे वागणे सुधारते, हे गृहीतक टिकत नाही. त्याची परीक्षा याआधी होऊन गेली आहे.

अमेरिकेच्या १९९८ च्या ‘कोपा’ कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करायला मनाई केली. संमती मिळवण्याची खटपट टाळून अनेक कंपन्यांनी मुलांना प्रवेशच नाकारला, आणि मुलांनी जन्मसाल बदलले. २०११ मध्ये संशोधक डॅना बॉइड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. फेसबुकवर असलेल्या बारा वर्षांच्या मुलांपैकी बहुतेकांना खाते उघडून द्यायला घरच्यांनीच मदत केली होती, असे तीत दिसले. आईबापांसमक्ष खोटे वय लिहायचे, हा या कायद्याने मुलांना दिलेला पहिला धडा. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळाखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुले मोठ्यांच्या ओळख क्रमांकावर खेळत राहिली, पुढे खेळच मोबाइलवर गेले, आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्यात आला.

मग कायद्याचा उपयोगच नाही का? आहे, आणि मोठा आहे. ब्रिटनने मुलांना साजेशा रचनेची संहिता २०२० मध्ये लागू केली आणि कंपन्यांना सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत दिली. तिने मुलांवर बंदी घातली नाही, ॲप कसे बांधायचे ते कंपन्यांना बजावले. मुदत संपत आली त्या वर्षी टिकटॉकने सोळाखालच्यांची खाती आपोआप खासगी केली आणि रात्री नऊनंतर त्यांना नोटिफिकेशन पाठवणे थांबवले. यूट्यूबने अठराखालच्यांसाठी पुढचा व्हिडिओ आपसूक सुरू होणे बंद ठेवले. रात्री जागणाऱ्या मुलाच्या वागण्याला हात घालायचा तो असा. यावर कुणी म्हणेल, इथेही वय कळावे लागतेच. लागते, पण प्रवेशच नाकारलेला नसल्याने खोटे बोलण्याचे मुख्य कारण उरत नाही, आणि वयाची खात्री होत नसेल तर हे संरक्षण सगळ्यांनाच द्या, असा पर्याय संहितेत आहे.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात या दोन्ही वाटा शेजारी शेजारी आहेत. पहिले पोटकलम अठरा वर्षांपर्यंत पालकांची पडताळलेली संमती मागते. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि त्यावर आलेला ओटीपी वडिलांना मुलगाच वाचून दाखवतो, तिथे या पडताळणीला काय अर्थ?

मला खरी धास्ती आहे ती मुलींची. अट चुकवून आत आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा फोटो वापरून कुणी अश्लील चित्र बनवले आणि धमकावू लागला, तर तक्रारीआधी तिला स्वतःचे खोटे कबूल करावे लागते. घरी कळले की फोन जातो तो तिचाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब अशा माणसाला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगात धाडू शकते. मुलगी बोललीच नाही, तर ते कलम लावायचे कुणावर?

दुसरी वाट वेगळी आहे. डेटा संरक्षण कायद्याच्या त्याच नवव्या कलमाचे तिसरे पोटकलम मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करते. त्यासाठी पालकांच्या सहीची गरज नाही, आणि मुलांविषयीची कर्तव्ये मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्र सरकारने आणि डेटा संरक्षण मंडळाने आपले बळ आधी इथे लावावे.