खेळायला जागा कोणी सोडली?

मंडळी, मुंबईत मोकळ्या जागा राखून वस्ती आखायचं कशामुळे सुचलं माहीत आहे? प्लेगमुळे. १८९६ साली प्लेग आला, दाटीवाटीच्या चाळींत माणसं पटापट गेली, आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले ते समुद्रावरचा वारा वस्तीत शिरावा म्हणून. पुढे दादर-माटुंग्याची आखणी झाली, तीत बागा आल्या. १९२५ साली महापालिकेने माहीम पार्क खुलं केलं. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, त्याचं शिवाजी पार्क झालं. तिथे आत पोरं खेळतात आणि कडेच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं गप्पा मारत बसतात. माझ्या मते मैदानाइतकाच तो कट्टा महत्त्वाचा.

आमच्या पेण-रोह्याला ट्रस्ट नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. भात कापून झालं की खाचरं मोकळी. दिवाळीपासून मृगापर्यंत तिथेच विटीदांडू, लगोरी, हुतुतू. ढेकळं टोचायची, पण तक्रार कोण करणार! रोह्याच्या पोरांना शिवाय कुंडलिकेचा काठ. पावसाळ्यात देवळाचा सभामंडप, नाहीतर पेणेत गणपतीच्या कारखान्याची पडवी. तिथे मातीचा एखादा गोळा मिळाला की दिवस सार्थकी लागायचा. आळीत ओटीवर कोणी ना कोणी बसलेलं असेच. गुडघा फुटला तर हळद त्याच घरातली. आमचा कट्टा तो.

मग खाचरं बिनशेती झाली आणि मैदानं कागदावर गेली. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यात मैदानासाठी जागा आरक्षित करता येते. पण त्याच कायद्याचं कलम १२७ सांगतं की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, आणि मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपलं. मालकाचंही चूक नाही म्हणा, त्याने जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण दहा वर्षांत पहिलीतलं पोर दहावी होऊन जातं.

२०२० च्या नव्या नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. म्हणजे साधारण एक एकर. जुन्या आळीतला वाडा पाडून उठलेली इमारत यात कुठून बसणार? जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली आहे, तेव्हा अशा इमारती वाढणारच.

एकराची वाट न बघता काम करता येतं, हे ॲमस्टरडॅममध्ये दिसलं. १९४७ पासून आल्डो व्हान आयक या वास्तुकाराने युद्धानंतर ओस पडलेल्या लहानसहान जागा धरल्या. वाळूचा हौद, लोंबकळायला दांड्या, बसायला बाक, बस्स. पुष्कळ ठिकाणी कुंपणसुद्धा नाही. तीस वर्षांत अशी सातशेच्या वर क्रीडांगणं झाली, घरातून आईला पोर दिसेल इतकी जवळ.

तसे तुकडे आमच्याकडेही आहेत. बुजवलेल्या विहिरीची जागा, देवळामागचा कोपरा, दोन इमारतींमधली पट्टी. सध्या तिथे मोटारी उभ्या असतात.