बीजवाहिनीबंधन व अस्थानी गर्भ : एका समजुतीचा इतिहास

‘ऑपरेशन झाले, आता दिवस जाणे नाही’ ही समजूत महाराष्ट्रातील घराघरांत दोन-तीन पिढ्यांपासून रुजलेली आहे. ती बहुतांशी खरी आहे. आणि बहुतांशी खरी असल्यामुळेच प्रसंगी ती घातक ठरते. ही समजूत कशी घडली, हे पाहणे उद्बोधक होईल.

गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या गर्भाचे वर्णन दहाव्या शतकातील अरब शल्यविशारद अल्-जहरावी याने केलेले आढळते. परंतु फुटलेली बीजवाहिनी काढून रुग्णाचा जीव वाचविण्याची शस्त्रक्रिया इंग्लंडातील लॉसन टेट याने १८८३ मध्ये केली, तोवर या विकारावर खरा उपाय नव्हता. संततिनिरोधासाठी बीजवाहिन्या बांधण्याची पहिली ज्ञात शस्त्रक्रिया अमेरिकेत १८८० मध्ये झाली. म्हणजे एक विकार आणि पुढे त्याच्याशी जोडली गेलेली एक शस्त्रक्रिया यांचा आधुनिक इतिहास जवळजवळ एकाच वेळी सुरू होतो.

महाराष्ट्रात या विषयाची वाच्यता प्रथम केली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांचा भर स्त्रीच्या ज्ञानावर व इच्छेवर होता. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला, आणि ज्ञानाची जागा हळूहळू उद्दिष्टांनी घेतली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आणीबाणीनंतर पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण घसरले व सारा भार स्त्रियांवर आला. त्याच सुमारास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हे काम काही मिनिटांचे केले. शिबिरांत ‘कायमचा उपाय’ हा शब्द रूढ झाला. त्यास जोडावयाची सूचना मात्र मागे पडली.

ती सूचना शरीररचनेतून येते. बांधलेल्या किंवा जाळलेल्या नलिकेची टोके क्वचित पुन्हा जुळतात, अथवा तिच्यात अतिसूक्ष्म वाट उरते. त्या वाटेने शुक्रजंतू जाऊ शकतो. परंतु त्याच्याहून कितीतरी मोठे असलेले फलित बीज गर्भाशयाकडे परत येऊ शकत नाही. ते नलिकेतच रुजते, नलिका ताणली जाऊन फुटते व पोटात रक्तस्राव होतो. अमेरिकेत १०,६८५ स्त्रियांचा दीर्घकाल मागोवा घेणारा अभ्यास १९९६ व १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत गर्भ राहण्याची शक्यता हजारी १८.५, तर अस्थानी गर्भाची हजारी ७.३ आढळली. एकूण १४३ गर्भधारणांपैकी ४७, म्हणजे सुमारे एकतृतीयांश, अस्थानी होत्या. चौथ्या ते दहाव्या वर्षांतही हा धोका पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी झाला नव्हता. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहणे विरळा. पण राहिलाच तर तो अस्थानी असण्याचा संभव मोठा.

कायद्याने ही शक्यता ओळखली होती. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा गर्भपातविषयक कायदा झाला. त्यात संततिनिरोधाचे साधन निष्फळ ठरणे हे गर्भपाताचे मान्य कारण ठरले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शस्त्रक्रिया फसणे एवढ्यावरून डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पाळी चुकताच दांपत्याने वैद्यकीय सल्ला घेणे अपेक्षित आहे. शासकीय संमतिपत्रकातही पाळी चुकल्यास दोन आठवड्यांत कळविण्याची अट आहे.

ही अट किती स्त्रियांपर्यंत पोचते, हा प्रश्न भाईंदर पश्चिमेसारख्या वस्तीत विशेष तीव्र होतो. मिठागरे, शेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या या खाडीकाठच्या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झाली. लोकसंख्या वाढली ती मुख्यतः बाहेरून आलेल्या कुटुंबांनी. टेंबा येथे महानगरपालिकेने उभारलेले व पुढे राज्य शासनाकडे गेलेले भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आज तेथे आहे. परंतु अशा नगरातील कित्येक स्त्रियांचे ऑपरेशन माहेरच्या गावी किंवा दुसऱ्या जिल्ह्यात झालेले असणे स्वाभाविक आहे. संमतिपत्रक तेथील कपाटात राहते. दुखणे मात्र आठ-दहा वर्षांनी येथे उठते. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूस कळ, थोडा रक्तस्राव, घेरी, कधी खांद्यात दुखणे, ही लक्षणे असूनही ‘ऑपरेशन झालेले आहे’ एवढ्या उत्तरावर गर्भाची शंका बाजूस सारली गेली, तर मोलाचे तास वाया जातात.

वास्तविक लघवीची साधी तपासणी, रक्तातील संप्रेरकाचे मोजमाप व सोनोग्राफी यांनी आज हे निदान नलिका फुटण्यापूर्वीच बहुधा होऊ शकते. वेळीच कळल्यास कित्येकदा औषधानेही काम भागते. टेटच्या काळी उणीव उपायाची होती. आज ती शंका घेण्याची आहे. कर्व्यांनी आग्रह धरला तो स्त्रीला तिच्या शरीराविषयी पूर्ण माहिती असण्याचा. ‘कायमचा उपाय’ म्हणताना ‘पाळी चुकली तर लगेच या’ हे अर्धे वाक्य गाळले गेले, आणि या समजुतीतील सारा धोका त्या गाळलेल्या अर्ध्या वाक्यात आहे.