सिव्हिलचा अपघात विभाग बंद पडला तर? गावाने आधीच माहीत करून घ्यावे असे काही

असोदा (ता. जळगाव) : रात्री पाणी भरताना पायाला साप चावला, मोटारीचा करंट लागला, फवारणीचे औषध पोटात गेले, नाही तर हायवेवर मोटारसायकल घसरली, की असोद्याची गाडी एकाच दिशेने पळते. जळगावचे सिव्हिल. बहिणाबाईंच्या या माहेरगावापासून शहर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पण तिथे पोचल्यावर दरवाजा उघडा असेल तरच या अंतराला अर्थ आहे. तो दरवाजा बंद झाला तर काय होते, हे जळगाव जिल्ह्याने एकदा पाहिले आहे.

अपघात विभाग म्हणजे काय

लोक त्याला कॅज्युअल्टी म्हणतात. नुसती खोली आणि खाट म्हणजे अपघात विभाग नव्हे. चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, ऑक्सिजन, सर्पदंशाची लस, विषबाधेवरचे इंजेक्शन, एक्स-रे, रक्ताची सोय, गरज पडली तर लगेच ऑपरेशन आणि पोलिसांकडे जाणारी नोंद, हे सगळे एका जागी असावे लागते. यातले एक जरी रात्री नसले तरी कागदावर विभाग चालू राहतो, पण पेशंटला 'पुढे न्या' असे सांगितले जाते. नाग किंवा मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास काही तासांत अडकू शकतो. त्याच्यासाठी 'पुढे न्या' हे दोन शब्द फार महाग पडतात.

2020 मध्ये काय झाले

जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. 2020 च्या उन्हाळ्यात कोरोना वाढला तेव्हा हे रुग्णालय फक्त कोविड रुग्णांसाठी राखीव झाले. बाकीच्या रुग्णांना शहराबाहेरच्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे वळवले गेले. साथ मोठी होती, जागा लागणारच होती. पण साप चावायचे थांबले नव्हते आणि बाळंतपणेही थांबली नव्हती. गरिबाला सिव्हिलची वाट पाठ असते. नवी जागा कुठे, तिथे काय कागद लागतात, रात्री वाहन कसे मिळेल, हे खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार?

नॉन-कोविड सेवा पुन्हा सुरू करा, अशी मागणी निवेदनांतून होत राहिली. डिसेंबर 2020 मध्ये या सेवा परत सुरू झाल्या. 2021 च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा तोच प्रकार झाला आणि लाट ओसरल्यावर दरवाजा पुन्हा उघडला. आदेश निघाला की विभाग बंद होतो आणि लोकांनी मागणी लावून धरली की प्रशासनाला तो विषय बाजूला टाकता येत नाही, या दोन्ही गोष्टी तेव्हा दिसल्या.

कायदा काय सांगतो

या विषयावर सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल महत्त्वाचे आहेत. 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात कोर्टाने सांगितले, की जखमी माणसावर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. दुसरा निकाल 1996 चा, पश्चिम बंगालमधला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवले. कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. कोर्टाने ठरवले, की वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सरकारची सबब चालणार नाही. त्या मजुराला 25 हजार रुपये भरपाई मिळाली. निवेदनात या दोन निकालांचा उल्लेख जरूर करावा.

इंग्लंडमधले दोन अनुभव

आपत्कालीन विभाग वाचवायची लढाई बाहेर देशांतही झाली. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर या गावाचा असा विभाग 2000 मध्ये बंद झाला. लोक इतके चिडले, की 2001 च्या निवडणुकीत त्यांनी त्याच दवाखान्यातले निवृत्त डॉक्टर रिचर्ड टेलर यांना अपक्ष खासदार केले आणि 2005 मध्ये पुन्हा निवडून दिले. पण पूर्वीचा विभाग काही परत आला नाही. लंडनच्या लुईशममध्ये लोक आधीच जागे झाले. जानेवारी 2013 मध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, प्रकरण कोर्टात गेले आणि विभाग कमी करण्याचा मंत्र्यांचा निर्णय त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द झाला. सरकारचे अपीलही ऑक्टोबरमध्ये फेटाळले गेले. बंद पडलेले उघडायला जड जाते, बंद पडण्याआधी अडवणे त्या मानाने सोपे, असे हे दोन अनुभव सांगतात.

आता प्रश्न चिंचोलीचा

म्हणूनच हा विषय आजचा आहे. जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे संकुल शहराबाहेर चिंचोली शिवारात होत आहे. नवे रुग्णालय हवेच, त्याला विरोध असायचे कारण नाही. पण असोदा, भादली भागातल्या पेशंटला तिकडे जायला अख्खे शहर ओलांडावे लागेल. रेल्वे फाटकावर ताटकळणे काय असते, हे या रस्त्यावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. स्थलांतरानंतर शहरातल्या जुन्या जागेवर चोवीस तासांचा अपघात विभाग राहणार का, हे गावांनी आताच लेखी विचारून घ्यावे.

गावाने काय करावे

पहिले, ग्रामसभेचा ठराव. तोंडी ओरड विरते, ठराव फाइलमध्ये राहतो.

दुसरे, निवेदन योग्य टेबलावर द्यावे. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे पत्र अधिष्ठात्यांच्या नावाने लिहावे. प्रत जिल्हाधिकारी, आमदार आणि खासदारांना द्यावी, प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो.

तिसरे, माहिती अधिकार. रात्रपाळीला किती डॉक्टर, किती पदे रिकामी, सर्पदंशाच्या लसीचा साठा किती, हे दहा रुपयांच्या अर्जात विचारता येते. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवावा. उत्तराची मुदत 30 दिवस, मात्र माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी लागते.

चौथे, नोंद. ज्याला परत पाठवले त्याची तारीख, वेळ आणि केसपेपरचा फोटो ठेवावा. आंदोलनात भाषणापेक्षा असा कागद जास्त कामाला येतो.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

108 : तातडीची मोफत रुग्णवाहिका. ही सेवा राज्यात 2014 मध्ये 937 गाड्यांनी सुरू झाली.
102 : गरोदर माता आणि बाळासाठी वाहन.
104 : आरोग्य सल्ला.

साप चावला तर बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय हलू न देता पेशंटला सरळ दवाखान्यात न्यावे. आणि तो दवाखाना रात्री दोन वाजताही उघडा राहावा, यासाठी ग्रामसभेला दिवसा हजर राहावे.